इंग्लंडमध्ये मोतीबिंदूचा नंबर लागेपर्यंत

इकडे इंग्लंडमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, फुकट होतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यासाठी थांबावं किती लागतं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. नियम १८ आठवड्यांचा, तोही दरवेळी पाळला जातोच असं नाही. शिवाय मोजणी सुरू होते ती रेफरल, म्हणजे पेशंटला पाठवत असल्याचं पत्र, हॉस्पिटलला पोचल्यावर. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टने मोतीबिंदू आहे म्हणून सांगितलं, तो दिवस त्यात धरत नाहीत. काही भागांत ऑप्टोमेट्रिस्ट थेट हॉस्पिटलला पाठवतात, काही भागांत जीपीमार्फत, म्हणजे फॅमिली डॉक्टरमार्फत, आणि कागद तिथेच अडकून पडतो. दोन-तीन आठवड्यांत पत्र वा मेसेज आला नाही तर फोन करून विचारावं.

पेशंटची खरी तक्रार असते ती तारीख न कळण्याची. मॅनिटोबा, डेन्मार्क आणि बार्सिलोनातल्या पेशंटच्या १९९७ सालच्या अभ्यासात तीन महिन्यांपर्यंतचं थांबणं लोकांना चालत होतं, सहा महिन्यांपुढचं फार वाटत होतं. त्यात दृष्टी किती गेली यापेक्षा रोजची कामं किती अडतात, हे जास्त बोचतं. रात्री समोरच्या गाडीचा झोत पसरतो, जिन्याची शेवटची पायरी दिसत नाही. गाडी चालवायची तर २० मीटरवरून नंबरप्लेट वाचता यायला हवी; ती येत नसेल तर गाडी चालवणं थांबवून डीव्हीएलएला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला, कळवावंच लागतं.

सगळ्यात वाईट काळ येतो पहिला डोळा झाल्यावर, आणि त्याबद्दल आधी कोणी बजावत नाही. समजा चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे सहा होता. ऑपरेशन झालेला डोळा शून्याजवळ येतो, दुसरा तसाच राहतो. चष्मा लावला की दोन्ही डोळ्यांत चित्राचा आकार वेगवेगळा, मग डोकं गरगरतं. दुसऱ्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स लावली तर बरंच निभतं. जाड नंबरवाल्यांनी दोन ऑपरेशनांमध्ये किती अंतर राहील हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.

रेफरलच्या वेळी हॉस्पिटल निवडायचा हक्क असतो; एनएचएसच्या खर्चाने ऑपरेशन करणारी खाजगी क्लिनिकंही त्यात येतात आणि तिथे नंबर बऱ्याचदा लवकर लागतो. पण पूर्ण भूल लागणार असेल किंवा डोळ्याचा दुसरा गुंतागुंतीचा आजार असेल, तर ती क्लिनिकं पेशंटला पुन्हा मोठ्या हॉस्पिटलकडेच पाठवतात.

आलेली तारीख हुकते ती साध्या कारणांनी: पापण्यांना सूज, पाठीवर सपाट झोपू न देणारा खोकला, डोळ्यात बसवायच्या लेन्सचं माप घ्यायच्या दिवसापर्यंत घातलेली कॉन्टॅक्ट लेन्स. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन हे औषध चालू असेल तर सर्जनला आधीच सांगावं. त्याने बाहुली ऑपरेशनच्या वेळी आकसते. हॉस्पिटलनेच वैद्यकीय कारणाशिवाय ऐन दिवशी रद्द केलं, तर २८ दिवसांत दुसरी तारीख द्यावी लागते. आयत्या वेळी बोलावलं तरी येऊ, असं बुकिंगच्या बाईंना सांगून ठेवलेल्यांना दुसऱ्याची सुटलेली जागा मिळू शकते. त्यासाठी घरी परत घेऊन जाणारं माणूसही तयार हवं.