आमची वाटचाल : चाळीस नगांचा हिशोब

मशिनिंगला बाहेर गेलेल्या नगांचा हिशोब ठेवणारं आमचं पहिलं ॲप पाठकोऱ्या कागदाचं होतं. चौदा चिठ्ठ्या, मोबाईलच्या मापाच्या कापलेल्या, आणि त्या ठेवायला ड्रिल बिटचा रिकामा डबा. ऑफिसात नवीन पोरगं कामाला आलं की आधी तो डबा दाखवतो, लॅपटॉप मागाहून. प्रोग्रामिंग आम्हा दोघा भागीदारांना तेव्हा येत नव्हतं आणि आजही येत नाही. एकाची वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोलीत मशिन शॉपच्या डिस्पॅचला गेली, दुसऱ्याची फाउंड्रीच्या, म्हणजे ओतशाळेच्या, बिलिंगला. चलान मात्र दोघांना झोपेतही वाचता येतं.

धंदा असा. फाउंड्रीत ओतलेला भाग, म्हणजे कास्टिंग, विकलं जातं किलोवर, ते मापात कातायचं मशिनिंग होतं नगावर आणि भांडण होतं रिजेक्शनवर. कातताना आत ब्लो होल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी, निघालं तर तो सीआर (कास्टिंग रिजेक्शन), भुर्दंड फाउंड्रीचा. बोअर, म्हणजे मधलं गोल छिद्र, मापापेक्षा मोठा कातला गेला तर एमआर (मशिनिंग रिजेक्शन), भुर्दंड मशिनवाल्याचा. चलानाच्या मागं मात्र नुसतं ‘रिजेक्ट ५’ लिहिलेलं असतं. त्यातले किती भोकाचे आणि किती मापाचे, हे सहा महिन्यांनी हिशोबाला बसल्यावर कोणालाच आठवत नाही. २०२१ च्या जुलैत महापुराचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, गाड्या थांबल्या आणि कोणाचा किती माल कोणाच्या शेडमध्ये अडकलाय हे फोनवर विचारत बसायची पाळी आली. ॲपचा किडा तेव्हा डोक्यात शिरला.

कागदी प्रोटोटाइपला, म्हणजे ॲपच्या कच्च्या नमुन्याला, लोक पोरखेळ समजतात, म्हणून रीत सांगून ठेवतो. ए-फोर कागदाचे उभे तीन पट्टे करायचे आणि प्रत्येक पट्टा मधून कापायचा. सहा तुकडे होतात, ७ सेंटिमीटर रुंद आणि १५ ला किंचित कमी उंच. झाली मोबाईलची काच. त्यावर बॉलपेन चालवायचं नाही, जाड स्केचपेन घ्यायचं. जाड टोकानं चिठ्ठीवर चार-पाच गोष्टींपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि वर्कशॉपातल्या माणसाच्या स्क्रीनवर त्याहून जास्त असूही नयेत. मग दोघांनी जायचं. एकानं ॲप व्हायचं : तोंड उघडायचं नाही, समोरच्यानं जिथं बोट टेकवलं त्याप्रमाणं पुढची चिठ्ठी ठेवायची. दुसऱ्यानं फक्त बोट कुठं अडतंय ते टिपायचं. ‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. कोल्हापुरात त्याचं एकच उत्तर मिळतं, ‘लई भारी’, आणि त्याचा शून्य उपयोग. काम द्यायचं : ‘४० नग गेलेत, आज परत आलेत, भरा.’ पाच-सहा शेडमध्ये फिरलं की त्याच त्या चुका परत दिसायला लागतात. तिथं थांबायचं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांकडं आम्ही तिसऱ्यांदा, म्हणजे तिसरं शेड म्हणून, गेलो होतो. दोन लेथ, एक जुनी सीएनसी (संगणकावर चालणारं मशिन), मालक आणि ऑपरेटर एकच. आमच्या तिसऱ्या चिठ्ठीवर तीन चौकटी होत्या : ओके, सीआर, एमआर. मामांनी मशिन थंड ठेवणाऱ्या कुलंटनं भिजलेला अंगठा लुंगीला पुसला, चौकटींत ३४, ३ आणि २ लिहिलं आणि ‘सेव्ह’वर बोट ठेवलं. आम्ही पुढची चिठ्ठी ठेवली. मामा तिच्याकडं बघेनात.

‘चाळीस गेलं. हे झालं एकुणचाळीस. एक कुठं गेला रं?’

आमच्याकडं उत्तर नव्हतं. तो एक नग मशिनवर चढलेला असतो, सेटिंगला गेलेला असतो, टेम्पोत राहिलेला असतो, नाहीतर कोणी पेपरवेट करून टेबलावर ठेवलेला असतो. सगळा वाद त्या एका नगाचाच असतो. त्याच लेथवर टेकून आम्ही चौथी चौकट काढली : बाकी. ती भरायची नाही, आपोआप यायची, आणि शून्य होईतो चलान बंद व्हायचं नाही. आमच्या धंद्यात विकण्यासारखं जे काही आहे ते त्या चौकटीत आहे. मामांना आजतागायत बिल लावलेलं नाही. ते दर दिवाळीला त्यावरून भांडतात.

कागदानंतर ॲपशीट, कोड न लिहिता ॲप करायचं गूगलचं साधन. गूगल शीटला जोडलं की मोबाईलवर फॉर्म तयार होतो आणि चाचणीपुरतं दहा जणांपर्यंत फुकट चालतं. आमची चार पानं होती : पार्टी, आयटम, चलान, परतावा. इथं दोन ठिकाणी तोंडावर पडलो. ओळखीची खूण म्हणून ओळीचा नंबर ठेवला होता. शीटमधली एक रिकामी ओळ कोणीतरी काढून टाकली, खालचे सगळे नंबर एकानं वर सरकले आणि एका पार्टीचा परतावा दुसऱ्याच पार्टीच्या चलानाला चिकटला. प्रत्येक ओळीला स्वतःची कायमची खूण लागते. त्यासाठी ‘युनिकआयडी’ नावाचं सूत्र तयारच आहे, ते पहिल्याच दिवशी लावायचं. दुसरं, नगाचा कॉलम ‘टेक्स्ट’ राहून गेला होता. मराठी कीबोर्डावरून भरलेलं ‘४०’ शीटला आकडा वाटत नाही, बेरजेत ते धरलंच जात नाही. कॉलम ‘नंबर’ केला की नुसता आकड्यांचा कीबोर्ड उघडतो आणि तक्रार मिटते. अडीच महिने सहा वर्कशॉपांत हे चाललं. खरं म्हणजे प्रोटोटाइप इथंच सिद्ध झाला होता. आम्हाला थांबायची अक्कल नव्हती.

फिगमाबद्दल, म्हणजे ॲपच्या स्क्रीनची चित्रं काढायच्या साधनाबद्दल, थोडक्यात. ३६० बाय ८०० ची फ्रेम धरा, बटण ४८ पेक्षा बुटकं नको, आमच्याकडं तेलकट अंगठ्यासाठी ६४ ठेवलंय. मराठी मजकुराला ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि रफार कापले जातात. अक्षरांमधलं अंतर शून्यच राहू द्या. इंग्रजीला शोभतं म्हणून ते वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. आणि लिंक कोणाला पाठवताय ते बघा. नुसती पाहायची परवानगी दिली तरी समोरचा फाइलची प्रत काढून घेऊ शकतो. हे आम्हाला कधी कळलं ते पुढं येतंच.

आता ॲप बनवून देणारी एजन्सी. नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. आम्ही फिगमाची फाइल दिली, पन्नास टक्के ॲडव्हान्स दिला आणि ‘फ्लटरफ्लो आणि फायरबेसवर करून देतो, दीड महिन्यात’ या वाक्यावर विश्वास ठेवला. फ्लटरफ्लो म्हणजे कोड न लिहिता ॲप बांधायचं साधन, फायरबेस म्हणजे त्याची माहिती साठवणारी गूगलची सेवा. करार दोन पानी. त्यात स्क्रीन किती, रंग कोणते, सगळं होतं. खाती कोणाच्या नावावर, हे नव्हतं. फाइलही पहिलीच गेली होती, तीन चौकटींची. चौथी चौकट आम्ही फोनवर सांगितली, ती त्यांनी वरून ठोकली.

ॲप आलं. व्हॉट्सॲपवरून एपीके, म्हणजे ॲप चढवायची फाइल, पाठवली, सहा वर्कशॉपांत चढवली. तीस दिवस सुरळीत चाललं. एकतिसाव्या दिवशी सकाळी पहिला फोन मामांचा : ‘नुसतं गोल फिरतंय.’ दहा वाजेपर्यंत सहाही ठिकाणी गोल फिरत होतं.

कारण सांगतो, कारण हे कोणाचंही होऊ शकतं. फायरबेसमध्ये फायरस्टोअर, म्हणजे नोंदींचं कोठार, उघडताना ‘टेस्ट मोड’ निवडला की तीस दिवस दरवाजा सताड उघडा असतो, ज्याला पत्ता सापडला तो आत येऊन माहिती वाचू शकतो आणि पुसूही शकतो. मुदत संपली की तोच दरवाजा सगळ्यांना बंद, ॲपलासुद्धा. कोण काय वाचू-लिहू शकतं याचे नियम मधल्या काळात लिहायचे असतात. एजन्सीनं ते लिहिले नव्हते. मुदत संपत आल्याचा ईमेल येतो, पण तो ज्याच्या नावावर प्रोजेक्ट आहे त्याला. प्रोजेक्ट त्यांच्या जीमेलवर होता. आणि ॲपला ‘परवानगी नाही’ असं उत्तर मिळतं तेव्हा काय दाखवायचं, हे आमच्या स्क्रीनवर कोणी ठरवलेलंच नव्हतं. माहिती हातात येईपर्यंत चक्र फिरवायचं एवढंच तिला ठाऊक. म्हणून ते फिरतच राहतं. आम्ही दिवसभर नेटला दोष देत होतो.

माहिती सर्व्हरवर सुखरूप होती. नियमाच्या चार ओळी लिहिल्या असत्या तर दहा मिनिटांत सुरू झालं असतं. एजन्सीनं आधी उरलेले पन्नास टक्के मागितले, मग ‘मेंटेनन्स’चे वेगळे. पैसे द्यायलाही तयार होतो, पण मालकी आमच्या खात्यावर करून द्या म्हटल्यावर फोन उचलणं बंद झालं. दुसऱ्या शेडवाल्यानं सगळ्या ग्रुपवर लिहिलं, ‘वही बरी’. सहापैकी चार वर्कशॉप गेली. भागीदारी मोडायची भाषा त्याच आठवड्यात झाली. ॲडव्हान्स बुडाला तो बुडालाच.

मामांनी आपला चलानांचा गठ्ठा ऑफिसात आणून टाकला. ‘भरा पुन्हा.’ दुसऱ्या एकानंही दिला. आम्ही स्वतःच्या खात्यात नवीन फायरबेस प्रोजेक्ट काढला, फ्लटरफ्लो शिकलो (त्याला प्रोग्रामिंग लागत नाही, पण चिकाटी लेथइतकीच लागते), नियम पहिल्या दिवशी लिहिले : लॉगिन केलेल्या माणसाला फक्त स्वतःच्या वर्कशॉपची नोंद दिसेल. मग चार रात्री बसून कागदावरून भरत गेलो. एक अडचण उरली होती. नवीन एपीके जुन्यावर चढेना, कारण तिच्यावरची डिजिटल सही वेगळ्या किल्लीची, आणि जुनी किल्ली एजन्सीकडं. जुनं ॲप काढूनच टाकावं लागलं.

म्हणून फुकटचा सल्ला. गूगल प्ले, फायरबेस, फ्लटरफ्लो, फिगमा आणि डोमेन, पाचही खाती फर्मच्या ईमेलनं स्वतः काढा आणि समोरच्याला आत बोलवा. उलटं करू नका. एपीके व्हॉट्सॲपवरून वाटायची सवय लावू नका. प्लेवर टाकलंत तर सहीची मूळ किल्ली गूगलकडं राहते, आणि अपलोडची किल्ली हरवली तरी बदलून मिळते.

दुसरा दणका लहान, पण मजेशीर. नऊ वर्कशॉप झाली, प्रत्येकी दोन फोन. रोज सकाळी साडेनऊ-दहाला ॲप मान टाकायचं आणि जेवायच्या सुट्टीत आपोआप उठून बसायचं. फायरस्टोअरच्या फुकट योजनेत दिवसाला ५०,००० वाचनं मिळतात, एक नोंद आणली की एक वाचन. आमची पहिली स्क्रीन उघडली की सगळी चलानं वाचायची, तेव्हा ती २,९०० होती. अठरा फोननी एकदाच उघडलं तरी ५२,२००. मोजणी नव्यानं सुरू होते ती पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडं दुपारी साडेबाराला, तिकडं हिवाळा असेल तर दीडला. उपाय अर्ध्या दिवसात झाला : फक्त बाकी शून्य नसलेली चलानं आणायची, तीही पंचवीस-पंचवीस, आणि पार्टीची एकूण बेरीज एका वेगळ्या नोंदीत साठवायची. एकदा उघडलं की सव्वीस वाचनं. पैसे भरायच्या योजनेवर गेलात तर बजेटचा इशारा लावाच, पण तो इशाराच असतो. ईमेल येतो, मीटर थांबत नाही.

प्लेचं खातं २५ डॉलर, एकदाच. आम्ही ते वैयक्तिक काढलं आणि फसलो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतरच्या वैयक्तिक खात्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी वीस जणांची सलग चौदा दिवस चाचणी दाखवावी लागे. डिसेंबर २०२४ मध्ये ती संख्या बारावर आली, आम्ही वीस गोळा करून झाल्यावर. त्यात चहावाला होता आणि एका भागीदाराची सासुरवाडी होती. संस्थेच्या नावानं खातं काढलं तर ही अट नाही, पण डन्स नंबर, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक, लागतो. तो आधी घ्या.

२०२५ चांगलं गेलं. लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

एजन्सीचं म्हणाल तर, आमचाच धंदा करणारं एक ॲप काही महिन्यांनी बाजारात आलं. कोणी केलं हे सिद्ध करता येणार नाही, म्हणून म्हणतही नाही. रंग आमचे, स्क्रीनचा क्रम आमचा. जाहिरातीतल्या चित्रात नमुन्याचं चलानही आमच्या पहिल्या फाइलमधलं : ४० नग, ओके ३४, सीआर ३, एमआर २. तीन चौकटी. वरून ठोकलेली चौथी फिगमाच्या त्या फाइलमध्ये कधीच नव्हती.

ते ॲप विकायला एक पोरगा उद्यमनगरात फिरत होता. सहा महिने फुकट, असं सांगत. मामांकडंही गेला. मामांनी फोन हातात घेतला, अंगठा लुंगीला पुसला, चित्रातलेच आकडे भरले आणि सेव्ह दाबलं. सेव्ह झालं.

‘एक कुठं गेला?’ मामांनी विचारलं.

पोरगा वाकून लेथखाली बघायला लागला म्हणे.