चार लोक आणि जाणते लोक

'चार लोक काय म्हणतील' या वाक्यावर आजकाल सगळेच तुटून पडतात. लोकलाज म्हणजे ढोंग, आपलं मन साफ असलं की झालं. ऐकायला बरं वाटतं. पण दसऱ्याला दीक्षाभूमीवर ज्या पंचशीलाचा घोष होतो, त्या पाच नियमांच्या बौद्ध परंपरेनं लोकलाज अशी मोडीत काढलेली नाही.

बौद्धांच्या पाली ग्रंथांत दोन शब्द जोडीनं येतात, हिरी आणि ओत्तप्प. हिरी म्हणजे आपली आपल्यालाच वाटणारी लाज. ओत्तप्प म्हणजे निंदेचं आणि परिणामाचं भय. अट्ठकथेत, म्हणजे या ग्रंथांवरच्या जुन्या पाली टीकेत, यासाठी लोखंडाच्या दोन गोळ्यांचा दाखला आहे. एक थंड, पण विष्ठेनं माखलेला; दुसरा तापून लाल झालेला. शहाणा माणूस पहिल्याला किळस येते म्हणून हात लावत नाही, दुसऱ्याला भाजेल म्हणून. या दोघांना मिळून जगाचे रक्षक म्हटलंय, एकट्या हिरीला नाही. माणूस एकट्या आतल्या लाजेवर निभत नाही, हे त्यात गृहीत धरलेलं दिसतं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात भिक्खू चंद्रमणी महास्थविरांनी बाबासाहेबांना त्रिसरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील दिलं आणि मग बाबासाहेबांनी स्वतः लाखो लोकांना ते देऊन वर २२ प्रतिज्ञा दिल्या. पंचशीलातल्या प्रत्येक ओळीचा शेवट सारखाच: 'वेरमणी सिक्खापदं समादियामि'. या गोष्टीपासून दूर राहण्याचा शिक्षानियम मी स्वीकारतो. ही कुणाची आज्ञा नव्हे, सराव आहे. म्हणून तर शील एकदा घेऊन संपत नाही, प्रत्येक वंदनेत पुन्हा म्हणायचं असतं. पाठ झालं की अर्थ गळतो, ही मात्र नेहमीची गोची. त्यावर साधा उपाय म्हणजे एका वेळी एकच शील घ्यायचं आणि त्याची अंगं मोजायची.

चौथं घ्या, मुसावाद म्हणजे खोटं बोलणं टाळायचं शील. अट्ठकथेनुसार खोटं पूर्ण व्हायला चार अंगं लागतात: गोष्ट असत्य असणं, फसवण्याचा इरादा, त्यासाठी केलेला प्रयत्न, आणि समोरच्यापर्यंत ते पोचणं. आता संत्र्याची पेटी डोळ्यांसमोर आणा. वरच्या थराला मोठी, चकाकणारी फळं, देठ वर करून मांडलेली. खाली लिंबाएवढी आणि एखादं पिचकलेलं. विकणारा तोंडातून शब्द काढत नाही. तरी चारही अंगं भरली, कारण प्रयत्न हातानंही होतो. उलट गाडी उशिरा सुटली आणि 'नऊला पोचतो' म्हणणारा दहाला पोचला, तर इरादाच नाही. ते खोटं नव्हे, फार तर बेफिकिरी. आपण नेमकं उलट वागतो बाप्पा! उशिरा येणाऱ्याला खोटारडा म्हणतो आणि पेटीवाल्याला हुशार.

मग निंदा कुणाची मोजायची? इथे कालामसुत्त, म्हणजे कालाम लोकांना बुद्धानं केलेला उपदेश, कामी येतं. ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, एवढं सगळे सांगतात. त्याच यादीत 'मा तक्कहेतु' आहे, म्हणजे केवळ तर्काला पटलं म्हणूनही नको, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात. पेटीवाल्याकडेही तर्क असतोच: सगळेच असं करतात, गिऱ्हाईकानं बघून घ्यावं. सुत्तातली कसोटी वेगळी आहे. हे अकुशल, म्हणजे वाईट, आहे का, दोषाचं आहे का, जाणत्यांनी निंदलेलं आहे का, आचरलं तर अहित होतं का, हे स्वतः तपासून मग सोडायचं. 'जाणत्यांनी निंदलेलं' यासाठी तिथला शब्द 'विञ्ञुगरहिता' असा आहे. निंदा मोजायची, पण जाणत्यांची.

संत्र्याच्या बाबतीत जाणता कोण? चौकातले चार लोक नव्हेत, ते वरचा थर बघून 'काय माल आहे' म्हणतात. जाणता शेजारचा ठेलेवाला. तशीच पेटी तोही रोज भरतो, आणि फळाचा देठ मुद्दाम वर केलाय की आपसूक आलाय, हे त्याला लांबूनच कळतं.