स्कानो, इटली, रविवार रात्री

सकाळी लेक आणि मी सुल्मोनाहून बसने निघालो. निघताना तिथले प्रसिद्ध कॉन्फेत्ती घेतले. साखरेच्या कवचातले बदाम. आपल्या हलव्याचे मावसभाऊच, फक्त काटा नाही, अगदी गुळगुळीत. रस्ता साजित्तारिओ नदीच्या घळईतून जातो. मला घाटात बस लागते, त्यामुळे एक कॉन्फेत्तो गालात धरून डोळे मिटून बसले. घळई फार देखणी आहे असं लेक म्हणाली.

स्कानो अब्रुझ्झोच्या डोंगरात, साधारण १,०५० मीटर उंचीवर. सगळं गाव दगडी, सगळं गाव जिन्यांचं. माझा गुडघा तिसऱ्याच गल्लीत बोलायला लागला. पण इथे यायचा हट्ट माझाच होता, त्या एका फोटोपायी. मारिओ जाकोमेल्लीने १९५७ साली काढलेला: मधोमध खिशात हात घालून येणारा मुलगा तेवढा ठसठशीत, भोवतीच्या काळ्या कपड्यांतल्या बायका पुसट. त्याच्याआधी १९५१मध्ये फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँही येऊन गेला होता. मला काळ्या झग्यातली एकही आजी दिसली नाही. दिसली ती जीन्समधली एक, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढणारी, माझ्यापेक्षा भरभर. फोटो काढायला कॅमेरा उचलला आणि लाजून खाली केला.

सोनाराच्या काचेत प्रेझेंतोझा पाहिली. तारकामाचं गोल पदक, मध्ये दोन बदाम. म्हणतात की धनगर मेंढरं घेऊन पुलियाच्या सपाटीला उतरायचे, तेव्हा वाग्दत्त वधूला हे देऊन जायचे. शरदात जायचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचं. आपल्याकडचे धनगर दिवाळीनंतर सह्याद्री उतरून कोकणात जातात, त्यांच्या बायका मात्र बिऱ्हाड घोड्यावर लादून बरोबर चालतात. इथल्या मागे राहायच्या. एवढी वर्षं हे गाव बायकांनीच चालवलं असणार. त्या पुसट दिसणाऱ्यांनी.

किंमत विचारली नाही.

दुपारी तळ्यावर उतरलो. हे तळं दरडीने झालंय. जेन्झाना डोंगराचा कडा कधीकाळी सुटला, तास्सो नदी अडली, पाणी साठलं. दरड म्हटलं की मला माळीण आठवतं, त्यामुळे पाणी कितीही निळं असलं तरी सारखं लक्ष डोंगराकडे जात होतं. तिथेच वर फ्रात्तुरा नावाचं गाव आहे. नावाचा अर्थच मोडणं, फ्रॅक्चर. जुनं फ्रात्तुरा १९१५च्या भूकंपात पडलं, नवं बाजूला वसवलं. नाव तेच ठेवलं, याचं मला नवल वाटत राहिलं.

वरच्या पायवाटेवर एका ठरावीक जागेवरून तळं हृदयाच्या आकाराचं दिसतं म्हणून लेक चढून गेली. मी काठावरच्या बाकावर. खालून ते नुसतं तळं दिसतं, वाकडंतिकडं. पेडलबोटीतला एक बाप पोराला ओरडत होता, बदकं ढिम्म. पाऊण तास काहीही केलं नाही. दहा दिवसांच्या प्रवासात पहिल्यांदाच.

घामाघूम होऊन आली आणि मोबाइल पुढे केला. "बघ आई, परफेक्ट हार्ट!"

"बदाम," मी म्हटलं. आमच्या पत्त्यांत बदामच असायचा. पुड्यातला शेवटचा तिच्या हातावर ठेवला.

मग मी बसले होते तो बाक त्या फोटोत कुठे आहे, ते दोघींनी बोटांनी मोठं करकरून बराच वेळ शोधलं. नाही सापडला.