डोंगराला तोंड एकच

शनिवार, १४ मार्च, रात्री साडेदहा

आजही उडलो नाही. सलग चौथा शनिवार.

सकाळी हँग ग्लायडर, म्हणजे ज्याला लटकून उडतात तो बिनइंजिनाचा पंख, जीपच्या टपावर बांधून निघालो. कामशेत सोडून पवनेच्या अंगाला वळलो आणि बाराच्या आत नेहमीच्या टेकडीखाली पोहोचलो. गाडी थांबते तिथून वर वीस मिनिटांची चढण. ओझं ३० किलोच्या वर. गावातला पोरगा पुढचं टोक धरतो, मी मागचं. पूर्वी एकटा खांद्यावर घेऊन चढायचो. आता गुडघे नको म्हणतात आणि मी त्यांचं ऐकतो.

जोडणीला पाऊण तास लागतो आणि ती मला घाईत करायचीच नसते. आधी धरायचा त्रिकोण उभा करायचा, पंख उलगडायचे, मग शिडाच्या खिशांतून एकेक बॅटन, म्हणजे शिडाला आकार देणारी काठी, सरकवायचा. शीड २२ वर्षांचं आहे. डेक्रॉन मूळचं पांढरंशुभ्र, आता ताकाच्या रंगाचं झालंय. उन्हाने या कापडाचा जीव हळूहळू जातो, म्हणून उडायची वेळ येईपर्यंत मी त्यावर जुन्या चादरी टाकून ठेवतो. बाजूच्या तारा गेल्या पावसाळ्यात बदलल्या. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेची शिवण दर वेळी नखाने चाचपतो, टाका न् टाका. आजही चाचपली. पक्की आहे.

मग बसलो.

पंखावरून ताशी २६-२७ किलोमीटरचा वारा वाहिल्याशिवाय हा ग्लायडर मला पेलत नाही. समोरून १८ चा मिळाला तर उरलेलं चार-पाच पावलं धावून मिळतं. वारा पडलेला असेल तर सगळं पायांनीच मिळवावं लागतं, आणि या वयात उतारावर तेवढं धावणं मी स्वतःला करू देत नाही. वारा ३० च्या वर गेला की उलटी अडचण. हा पंख जुन्या घडणीचा, वेगाने पुढे घुसणारा नाही. जोराच्या वाऱ्यात तो जागच्या जागी लटकतो, मग मागे सरकू लागतो, आणि टेकडीच्या मागच्या अंगाला हवा नुसती कोसळत आणि घुसळत असते. तिथे जायचं नसतं. म्हणजे मला १५ ते २२ चा वारा हवा, तोही टेकडीच्या तोंडावर सरळ येणारा. नव्या पॅराग्लायडरवाल्या मुलांनाही वारा मोजूनच लागतो, पण त्यांची पिशवी पाठीवर मावते. ही टेकडी जमली नाही तर ती अर्ध्या तासात दुसरीवर असतात.

दीडच्या सुमाराला उन्हाच्या झळा वर येऊ लागल्या. दोन घारी पठारावर गिरक्या घेत उंच गेल्या, एकदाही पंख न हलवता. खालच्या नांगरलेल्या वावरातून एक वावटळ पाचोळा घेऊन उठली आणि बांधापाशी विरली. अशा वेळी वाऱ्याला दिशाच नसते. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, भरतो, पडतो, फिरतो. विसापूर आणि लोहगड धुरकट झाले होते. मावळात या दिवसांत वाट बघायची ती दुपार कलल्यावर घाट चढून येणाऱ्या समुद्राकडच्या वाऱ्याची.

या बसण्यात मला ओटो लिलिएंथाल आठवतो. या जर्मन माणसाने १८९४ साली बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला स्वतःसाठी एक टेकडी उभारून घेतली. १५ मीटर उंच, आणि गोल. गोल कशासाठी, तर वारा कुठूनही येवो, त्याला समोर घेऊन उडी मारता यावी. मला हे आजही थक्क करतं. वाऱ्याला वळवता येत नाही हे मान्य करून त्याने डोंगरच चारी बाजूंनी तोंडं असलेला केला. दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केली त्याने. ९ ऑगस्ट १८९६ ला दुसऱ्या एका टेकडीवरून उडताना पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्याकडे धरायला त्रिकोणी चौकट नव्हती, बगलांनी लटकायचा आणि पाय झुलवून तोल सावरायचा. मी हार्नेसमध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या झोळीत, पोटावर आडवा पडून दोन्ही हातांनी दांडी धरतो तेव्हा त्या बगला मला आठवतात.

चारच्या सुमाराला शेळ्या घेऊन आजी आल्या. पोराच्या चुलत आजी.

"काय दादा, आज बी न्हाय का?"

"वारं नाही आजी."

त्या शेजारच्या दगडावर बसल्या. म्हणाल्या, "आमी बी असंच बसायचो खळ्यावर, सूप घिऊन. वारं आलं तर उपणायचं, न्हाय तर बसायचं. लई आलं तरी बसायचं. लई वारं दाण्यासकट नेतं."

मी विचारलं, वारं फिरलं तर?

"फिरलं तर आपुन फिरायचं. तोंड बदलायचं, रास दुसरीकडं पाडायची." मग उताराकडे बघून म्हणाल्या, "तुमचा डोंगुर काय फिरंना."

मी काहीच बोललो नाही. मघापासून ज्या गोल टेकडीचा विचार करत होतो, तिच्यावरच त्या येऊन थांबल्या होत्या.

पाच वीसला वारं आलं. आधी खालच्या तळ्यावर काळसर पट्टा दिसला, मग उतारावरचं वाळकं गवत एका अंगाला झुकलं. चादरी काढल्या. हार्नेस चढवला, तो ग्लायडरला जोडणारी कडी, कॅराबिनर, अडकवला, पोराने ग्लायडरच्या नाकाची तार धरली आणि मी आडवा लटकून हँग चेक केला, सगळं नीट अडकलंय ना ते बघितलं. वारामापक १९ दाखवत होता. शीड ताठ झालं, बॅटनची खडखड थांबली, खांद्यांवरचा भार नाहीसा झाला. दावणीला हिसके देणाऱ्या वासरासारखा तो पुढे ओढत होता.

पण डावा पंख उचलला जात होता. मी दाबला, पुन्हा उचलला. विंडसॉक बघितला. वारा दक्षिणेला कललेला, तिरका, ३० अंशांनी तरी. पोरगा माझ्याकडे बघत होता. "काका, जायचं?"

वारा सरळ होईल म्हणून दहा मिनिटं तसाच उभा राहिलो. दंड भरून आले. होत नव्हता. तिरक्या वाऱ्यात एक पंख आधी उठतो, पावलं वाकडी पडतात, आणि जमीन सुटायच्या क्षणीच ग्लायडर कड्याकडे वळतो. मला हे डोळ्यांपुढे दिसत होतं.

"सोडव," म्हणालो.

त्याने काही न बोलता कॅराबिनर काढला. या पोराचं मला फार बरं वाटतं. त्याने एकदाही समजूत घातलेली नाही.

घरी येऊन ग्लायडर व्हरांड्यात आडवा ठेवला आणि जेवल्यावर विजेरी घेऊन बसलो. मार्चमध्ये गवत वाळलं की शिडाच्या शिवणींत कुसळं शिरतात. कापडावर घासून ओढली तर दोरा ओरबाडतात. उलट्या बाजूने बोट टेकवायचं, टोक वर आणायचं आणि चिमटीने सरळ बाहेर काढायचं. १९ निघाली. उजव्या पंखाच्या टोकाशी अजून असणार, पण तिथे विजेरीचा उजेड पुरत नाही. ती सकाळी बघेन. पोराला फोन केलाय, उद्या साडेअकराला गाडीपाशी ये म्हणून.