एका ‘ल’चा दिवस

आज सकाळी दहापासून फॉन्टसाठी एकच अक्षर काढतेय: ल. तोही आपला मराठी, दोन वाट्यांचा. हिंदीतल्याला उजवीकडे सरळ दांडी. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडात दोघांचा क्रमांक मात्र एकच! म्हणून फॉन्टमध्ये दोन्ही काढून ठेवायचे. मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरला कळलं तरच आपला उमटतो. नाही कळलं तर बसा बोंबलत. (र. कृ. जोशींनी विंडोजचा ‘मंगल’ फॉन्ट करताना काय काय सोसलं असेल, देव जाणे.)

एक वाटी काढली, तीच उलटवून दुसरीकडे चिकटवली, तर अक्षर चष्म्यासारखं दिसायला लागलं. मग एकेक बिंदू केसभर सरकवत बसले.

संध्याकाळी दादरला सरबताच्या गाडीवर हाताने रंगवलेली पाटी, ‘लिंबू’. पेंटरने ल दोन फटकाऱ्यांत उडवलेला. डावी वाटी ऐसपैस, उजवी जरा दबलेली.

फोटो काढेपर्यंत लोकल गेली.