अमेरिकाले कितला टाइम लागस?

लग्नाच्या पंगतीत, बाजारात, चाळीसगाव स्टेशनच्या बाकावर, प्रश्न ठरलेला: "अप्पा, अमेरिकाले जावाले कितला टाइम लागस?" माझी लेक न्यूयॉर्कला असते म्हणून. "सोळा तास" म्हटलं की विचारणारा खूश होतो. पण ते तास फक्त विमानाचे. तुम्ही विचारलंत म्हणून घरापासून सांगतो.

चाळीसगाव ते मुंबई रेल्वेने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. कसारा घाट धरून पाच-सहा तास. गाडी ठाण्याला थांबत असेल तर तिथेच उतरा, सहारचा, म्हणजे मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ तिथून जवळ पडतो. विमानाच्या तीन-चार तास आधी पोहोचायचं. पुढे मुंबई ते न्यूयॉर्क सरळ विमान, सुमारे १२,५०० किलोमीटर. तिकडे उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, घर. माझ्या ओट्यापासून लेकीच्या दारापर्यंत तीस तास धरा.

नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेला दिसतं, मग जवळची वाट अरबस्तान-आफ्रिकेवरून का जात नाही? घरी पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. तो आपोआप उत्तरेला सरकतो. रशिया, नॉर्वे, आइसलँड, मग कॅनडावरून खाली. सपाट कागदावर वाकडी दिसणारी ती वाट गोलावर सगळ्यात जवळची. मला स्वतःला हे दोरा धरल्यावरच पटलं. अर्थात एखाद्या देशाचं आकाश बंद असलं की वळसा पडतो आणि तास वाढतात.

येताना मात्र साधारण १४-१५ तास. पृथ्वी खालून फिरते म्हणून, असं पुष्कळ जण सांगतात. ते चूक आहे, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. खरं कारण वारा. विमान उडतं त्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना वैमानिक शक्यतो त्यांना टाळून वाट काढतात.

घड्याळाचा गोंधळ वेगळा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. हिवाळ्यात रात्री १ ला मुंबईहून निघालेलं विमान १६ तास उडून त्याच तारखेला सकाळी साडेसहाला तिथे उतरतं! आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात.

म्हणून ज्यांचं पोर पहिल्यांदा निघालंय त्यांना मी एवढंच सांगतो, दुपारपासून फोनकडे बघत बसू नका. रांगेतून बाहेर पडून फोन यायला आपले सात-साडेसात होतात. लेक पहिल्यांदा गेली तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिची आई दिवसभर देवघरापाशी बसून होती, आणि मी अंगणात.