भंगारातली शिल्पं: तिसऱ्या फेरीची नोंद

भंगारातल्या सुट्या भागांपासून केलेली शिल्पं एका गावात जागोजागी आहेत, ती शोधत मी फिरतो. पहिल्या फेरीत अकरा सापडली होती, दुसऱ्या फेरीत सतरा. या वेळी तेवीस झाली. गाव एवढंसं, मुख्य रस्ता पायी दहा मिनिटांत संपतो. तरी सहा शिल्पं दोनदा माझ्या नजरेतून सुटली, कारण मी समोर बघत चाललो होतो. ती कुंपणाच्या खांबांवर, पागोळीखाली आणि एक तर चक्क गटाराच्या जाळीशेजारी होतं: स्पार्क प्लगच्या अंगाची मुंगी, बोटाएवढी.

आता आधी सुटे भाग दिसतात आणि मग प्राणी. या छंदात मला सगळ्यात आनंद देणारी गोष्ट हीच.

वळणावरच्या घुबडापाशी तासभर गेला. डोळ्यांना सायकलचे फ्रीव्हील, बुबुळांच्या जागी बेअरिंगचे छर्रे. छातीवरची पिसं म्हणजे दांडे कापलेले चमचे, कौलांसारखे एकावर एक चढवलेले. मोजले, ८६ भरले. खिशातलं लोहचुंबक लावून बघितलं तर वरच्या ओळींना ते चिकटेना आणि खालच्या दोन ओळींना घट्ट बसलं. ज्या स्टीलमध्ये क्रोमियमबरोबर पुरेसं निकेल असतं, त्याला चुंबक सहसा धरत नाही. नुसत्या क्रोमियमच्या स्टीलला धरतो आणि ते गंजतंही लवकर. खालच्या चमच्यांवरून तांबूस ओघळ उतरलेत, ते त्यामुळेच असावेत. हाताला लागतील तसे चमचे गोळा करून हे घुबड उभं राहिलंय, हे त्या दोन ओळींनी मला दाखवलं.

फोटो काढणाऱ्यांसाठी: दुपारी जाऊ नका. माझे पहिल्या फेरीचे फोटो पांढरेफटक आलेत. सकाळी तिरप्या उन्हात वेल्डिंगच्या कडेची खवलं उठून दिसतात, कुठे हात स्थिर होता आणि कुठे घाई झाली तेही कळतं.

घोड्याबद्दल मात्र मी चुकलो होतो. मान सायकलच्या साखळ्यांची, पाय पान्यांचे, खाली शिवणयंत्राचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, सांगाडा. पाय सांगाड्याला बोल्टने आवळलेत, ते मला दोन फेऱ्या शोभेसाठीच वाटले. पण बिडात कार्बन भरपूर असतो. घाईने वेल्डिंग केलं तर थंड होताना जोडाच्या कडेला तडा जातो. जाणकार आधी बीड तापवतात, निकेलचा रॉड वापरतात आणि काम हळूहळू निवू देतात. इथल्या कारागिराने सरळ भोकं पाडून बोल्ट लावले. मला हा निर्णय फार आवडला. जोड लपवलेला नाही आणि उद्या पाय बदलायचा झाला तर बदलताही येईल.

पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात बैल दिसतो आणि सायकलही दिसतच राहते. या घोड्यात तेच आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटामधल्या रीजंट गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गॅरी ग्रेफने २००१ मध्ये उडत्या हंसांचं प्रचंड लोखंडी शिल्प उभारलं. ते थोरच काम आहे. पण माझं मन त्या मुंगीपाशी रमतं, कारण तिच्यासाठी गुडघ्यावर बसावं लागतं.

घरी करून बघणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं: जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करू नका. त्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. मुलामा आधी काढा आणि कामही उघड्या हवेत करा.

निघताना घोड्याच्या सांगाड्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली. रंगाच्या थरांखाली डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, कागदावर मात्र वेलबुट्टी उमटली आणि तिच्याखाली चार आकडे. ओतकामाच्या वेळचा साच्याचा क्रमांक असावा. कागद वहीत चिकटवलाय. पुढच्या फेरीला जाड पेन्सिल आणि जास्त कागद नेणार, नांगराच्या फाळांचा मोर अजून घासून बघायचा राहिलाय.